सौर विजेचे शिक्षण : दाखला आणि कसब



माघ महिना आहे असे समजा. गहू चिकात आला आहे, हरभऱ्याला घाटे धरले आहेत आणि विहिरीला पाणीही आहे. सकाळचे दहा वाजले, ऊन लख्ख पडले, तरी शेतावरचा सोलरचा पंप काही सुरू होत नाही. पेटीवर तांबडा दिवा लुकलुकतो आहे. मालक पेटीवर दिलेल्या नंबरावर फोन लावतो. तक्रार नोंदवून घेतली असे उत्तर मिळते. एक दिवस जातो, दोन जातात. पाचव्या दिवशी तालुक्याहून एक मुलगा मोटरसायकलवर येतो. प्लेटांच्या मागे वाकून पाहतो, तर एक तार उंदराने कुरतडलेली. तो तार बदलतो, जोड घट्ट बसवतो आणि पाणी पाटात पडू लागते. बिघाड पाव तासाचा आणि खोळंबा पाच दिवसांचा! त्या पाच दिवसांत गव्हाचे जे व्हायचे ते होऊन गेलेले असते.

आता या गोष्टीतला हिशेब पाहा. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली 'मागेल त्याला सौर कृषी पंप' ही योजना आणली. तीत सर्वसाधारण शेतकऱ्याने किमतीचा दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने पाच टक्के वाटा भरायचा, असे ठरले. पंप बसवणाऱ्याने पाच वर्षे दुरुस्तीची हमी द्यायची, हेही ठरले. हमी चांगलीच आहे. पण प्लेटा बनवणारे कारखानदार त्या प्लेटा पंचवीस वर्षे वीज देतील असे सांगतात. पंचविसातून पाच वजा केले की उरतात वीस. या वीस वर्षांत बिघाड झाला, तर पाहायचे कोणी? असे पंप राज्यात आता लाखांच्या संख्येने बसले आहेत. शिवाय घरांच्या छपरांवर प्लेटा चढताहेत त्या वेगळ्याच. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'प्रधानमंत्री सूर्यघर' योजनेने देशातल्या एक कोटी घरांचे उद्दिष्ट धरले, आणि तीन किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८ हजार रुपयांचे साहाय्य ठरवले. प्लेटा येतात, पैसा येतो. पण त्या ओळखणारा माणूस गावात आहे का? आजचे माझे बोलणे या माणसाविषयी आणि त्याच्या शिक्षणाविषयी आहे.

माणसाचा विचार मागे ठेवला की काय होते, हे आपण एकदा पाहिलेले आहे. १९८१-८२ साली देशात गोबरगॅसचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. गावोगाव खड्डे खणले गेले, लोखंडी टोप बसले, चुली निळ्या ज्योतीने पेटल्या. पुढे कुठे टोपाला गंज लागला, कुठे नळीत पाणी साचले, कुठे शेण-पाण्याचे प्रमाण चुकून घट्ट साय धरली. दुरुस्ती मोठी नव्हती. पण ती जाणणारा गवंडी जवळपास नव्हता, आणि म्हणून कित्येक संयंत्रे बंद पडून त्यांत पावसाचे पाणी भरले. शेणात खोट नव्हती, शास्त्रातही नव्हती. सौर विजेच्या बाबतीत ती चूक पुन्हा करायची नसेल, तर शिक्षणाचा विचार प्लेटांबरोबरच केला पाहिजे.

तुम्ही म्हणाल, "आमच्या गावात वायरमन आहे. मोटार बांधतो, मीटरची जोडणी करतो. त्याला हे जमणार नाही काय?" जमेल, अवश्य जमेल. पण नव्याने शिकल्यावर जमेल. न शिकता हात घातला तर जिवावर बेतेल. याचे कारण थोडे नीट समजून घेऊ.

आपल्या घरात येते ती ए.सी. वीज. शाळेच्या पुस्तकात तिला प्रत्यावर्ती प्रवाह म्हणतात. तिची दिशा सारखी उलटसुलट होते. सेकंदाला पन्नास आवर्तने, म्हणजे सेकंदात शंभर वेळा तो प्रवाह क्षणभर शून्यावर येतो. आपण बटण बंद करतो तेव्हा आत बारीकशी ठिणगी उडते, पण पुढच्याच शून्याला ती विझते. सोलरच्या प्लेटेतून येते ती डी.सी., म्हणजे एकदिश वीज. ती शून्यावर येत नाही. भार चालू असताना कोणी तिचा जोड ओढून काढला, तर दोन टोकांच्या मध्ये ठिणगी न राहता ज्वाळेची कमान उभी राहते आणि ती विझायचे नाव घेत नाही. तिच्या उष्णतेने तांबे वितळते, जवळचे प्लास्टिक पेट घेते.

दुसरी गोष्ट अशी, की खांबावरची वीज आपण फ्यूज काढून बंद करू शकतो. प्लेट मात्र ऊन आहे तोवर वीज तयार करीतच राहणार. सूर्याला बटण नाही. म्हणून शिकलेला माणूस छपरावर गेल्यावर आधी तारांना हात लावीत नाही. तो आधी इन्व्हर्टर बंद करतो, मग डी.सी.चा तोडस्विच पाडतो, मग क्लॅम्प मीटर लावून तारेतून प्रवाह खरोखर थांबला आहे याची खात्री करतो, आणि नंतरच जोड सोडवतो. हा क्रम पुस्तकात वाचून पाठ होतो. पण हाताला त्याची सवय लागायला तो पन्नास वेळा करावा लागतो.

तिसरी गोष्ट हिशेबाची. हल्ली जी मोठी प्लेट मिळते ती साधारण ५४० वॅटची असते. भर उन्हात ती सुमारे ४१ व्होल्ट दाब आणि १३ अँपिअर प्रवाह देते. अशा दहा प्लेटा एकीला एक लावून माळ केली, की दाबाची बेरीज होते. चालू असताना सुमारे ४१० व्होल्ट, आणि भार नसताना ४९० च्या आसपास. म्हणजे घरच्या २३० व्होल्टच्या दुपटीहून अधिक. बरे, हा आकडा तरी स्थिर आहे का? नाही. प्लेट थंड असली की दाब वाढतो, आणि तापली की कमी होतो. निफाडकडे पौषातल्या पहाटे हातपाय गोठतात, तेव्हा हाच दाब शेकडा चार-पाचने चढून ५१० च्या घरात जातो. इन्व्हर्टरची मर्यादा ५०० व्होल्टची असेल, तर सकाळचे पहिले कोवळे ऊनच त्याला जाळून टाकील. उलट चंद्रपूरच्या वैशाखात प्लेटेचे अंग सत्तर अंशांपर्यंत तापते. कारखान्यात प्लेट २५ अंशांवर तपासलेली असते. त्याहून वर प्रत्येक अंशाला तिची शक्ती शेकडा एकतृतीयांशाच्या आसपास घटते. म्हणजे ऊन अधिक आणि वीज मात्र शेकडा पंधराने कमी! ज्याने हा हिशेब शिकलेला नाही, तो निफाडात आणि चंद्रपुरात एकच माळ बांधील.

चौथी गोष्ट सावलीची. प्लेटेतल्या पेशी एकापुढे एक जोडलेल्या असतात. एका पेशीवर सावली पडली तर तेवढ्यापुरतेच नुकसान होईल असे आपल्याला वाटते. पण पाटाला एका ठिकाणी ढेकूळ आडवे आले की पुढचा सगळा पाट जसा बारीक वाहतो, तसे येथे होते. आता समजा, पुण्याच्या आसपासच्या गावात एक गृहस्थ मे महिन्यात छपराची पाहणी करून गेले. मेच्या मध्यावर तेथे सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर असतो. पाण्याच्या टाकीची सावली टाकीच्या पायाशीच. ते म्हणाले, "टाकीच्या उत्तरेला खुशाल प्लेटा लावा." डिसेंबर उजाडला. सूर्य दक्षिणेकडे कलला आणि दुपारीसुद्धा क्षितिजापासून ४८ अंशांवरच राहिला. दहा फूट उंचीच्या टाकीची सावली आता नऊ फूट लांब पडते, आणि ती नेमकी प्लेटांवर पडते. मालक म्हणतो, "सोलर वाईट." सोलर वाईट नाही. पाहणी करणाऱ्याचे शिक्षण अपुरे.

आणखी एक तक्रार छपरावर प्लेटा असलेल्या पुष्कळ घरी ऐकू येते. गावची वीज गेली की भर उन्हात आपलीही वीज जाते! लोकांना वाटते, आपण फसलो. खरे पाहता इन्व्हर्टर तसा मुद्दामच बनवलेला असतो. खांबावर दुरुस्तीसाठी माणूस चढलेला असताना आपल्या छपरावरची वीज उलटी तारेत गेली, तर त्याचा प्राण जाईल. म्हणून ज्या संचाला बॅटरी नाही आणि जो गावच्या तारेला जोडलेला आहे, तो तार मेली की स्वतःही थांबतो. शिकलेला कारागीर ही गोष्ट पैसे घेण्यापूर्वी सांगतो. न शिकलेल्याला ती स्वतःलाच ठाऊक नसते.

तेव्हा हे शिक्षण कोठे मिळते, हा पुढचा प्रश्न. शिक्षक मंडळींना दहावी-बारावीची मुले तो विचारतात, म्हणून मी पायऱ्या क्रमाने सांगतो.

पहिली पायरी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेची, म्हणजे आपल्या आय.टी.आय.ची. दहावीनंतर वीजतंत्रीचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. सौर तंत्रज्ञ असा एक वर्षाचा वेगळा अभ्यासक्रमही राष्ट्रीय यादीत आहे; मात्र तो सगळ्याच संस्थांतून चालत नाही. मला विचाराल, तर ज्याला दोन वर्षे देणे शक्य आहे त्याने वीजतंत्रीचा अभ्यास आधी करावा. आधी वीज, मग सूर्य. सौर कामे एखाद्या वर्षी मंदावली, तरी वीजतंत्री उपाशी राहत नाही. अभ्यास संपल्यावर १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली एखाद्या कारखान्यात विद्यावेतनावर उमेदवारी करता आली, तर ती चुकवू नये.

दुसरी पायरी अल्प मुदतीच्या प्रमाणपत्राची. केंद्र शासनाच्या नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने २०१५ साली 'सूर्यमित्र' नावाचा कार्यक्रम सुरू केला. तो राबवण्याचे काम गुरुग्रामजवळ ग्वालपहाडी येथे असलेल्या राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेकडे दिले. अभ्यास ६०० तासांचा, सुमारे तीन महिन्यांचा, आणि निवासी. दहावीनंतर आय.टी.आय. झालेल्यांना प्रवेश, आणि शिकणाऱ्याकडून फी नाही, अशी त्याची मूळ आखणी होती. सौर पंपांसाठी 'वरुणमित्र' आणि लहान जलविद्युत केंद्रांसाठी 'जलऊर्जामित्र' अशी त्याची भावंडेही पुढे निघाली. कोणत्या वर्षी कोणत्या जिल्ह्यात तुकडी निघते, हे बदलत असते. त्याची चौकशी जिल्ह्याच्या कौशल्य विकास केंद्रात आणि जवळच्या आय.टी.आय.मध्ये करावी.

तिसरी पायरी महाविद्यालयाची. तंत्रनिकेतनात विद्युत शाखेची तीन वर्षांची पदविका आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ पासून व्यवसाय शिक्षणाची बी.व्होक. पदवी आणली. तिची रचना सोयीची आहे. एक वर्ष करून थांबले तर पदविका, दोन वर्षांनी प्रगत पदविका आणि तीन वर्षांनी पदवी. नवीकरणीय ऊर्जेचा विषय घेऊन ती चालवणारी महाविद्यालये आहेत. त्यापुढे अभियांत्रिकी, आणि त्याहीपुढे मुंबईच्या आय.आय.टी.तील ऊर्जा विज्ञान विभागासारखी ठिकाणे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातही अपारंपरिक ऊर्जेचा विभाग आहे, हे विदर्भातल्या शेतकऱ्यांच्या मुलांनी ध्यानात ठेवावे. ज्यांना पवनचक्क्यांचे वेड आहे, त्यांच्यासाठी चेन्नईला राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्था आहे. साताऱ्याच्या चाळकेवाडीच्या पठारावर ती मोठाली पाती फिरताना आपण पाहिली असतील. त्या मनोऱ्यांवर चढून काम करण्याची विद्या वेगळीच, आणि तिचे धोकेही वेगळे.

आता मुख्य मुद्द्याला हात घालतो. जेथे मागणी असते तेथे दुकाने निघतात. "दोन दिवसांत सोलर तज्ज्ञ व्हा, नोकरीची हमी" असे फलक हल्ली तालुक्याच्या ठिकाणीही दिसतात. बाप दोन पोती सोयाबीन विकून फी भरतो. मुलगा एका खोलीत बसून पडद्यावरची चित्रे पाहतो, दुपारी चहा मिळतो आणि संध्याकाळी सोनेरी कडेचा दाखला. दाखला घरी येतो, भिंतीवर लागतो. पण त्या मुलाने जन्मात प्लेटेचा जोड हातात धरलेला नसतो. असा मुलगा उद्या कोणाच्या पत्र्यावर पाचशे व्होल्टच्या माळेशी एकटा उभा राहिला, तर त्याला जबाबदार कोण? सबब, फी भरण्यापूर्वी आई-बापांनी आणि शिक्षकांनी पाच प्रश्न विचारावेत. ते विचारायला इंजिनियर असावे लागत नाही.

पहिला प्रश्न : एकूण तास किती, आणि त्यांतले हातांनी काम करण्याचे किती? निम्म्याहून अधिक वेळ हातात अवजार नसेल, तर ते कारागिराचे शिक्षण नव्हे.

दुसरा प्रश्न : अवजारे आणि प्लेटा दाखवा. "आहेत" या उत्तरावर समाधान मानू नये, उठून पाहावे. वीस मुलांमागे मल्टीमीटर किती? छपराचा नमुना आहे का? उंचावर काम करताना कमरेला बांधायचा पट्टा आहे का? भुईतार, म्हणजे अर्थिंग, मोजण्याचे यंत्र आहे का? अवजारांवर धूळ बसलेली असेल, तर काय समजायचे ते समजावे.

तिसरा प्रश्न : शिकवणारा स्वतः किती छपरांवर चढला आहे? विहिरीत न उतरलेल्याने पोहणे शिकवू नये.

चौथा प्रश्न : परीक्षा कोण घेते आणि दाखला कोण देते? शिकवणारा, परीक्षक आणि दाखला देणारा एकच असेल तर सावध राहावे. कौशल्याचे दाखले देणाऱ्या संस्थांना मान्यता देण्यासाठी राष्ट्रीय व्यावसायिक शिक्षण व प्रशिक्षण परिषद आहे. हरित रोजगारांसाठी २०१५ मध्ये स्थापन झालेली वेगळी कौशल्य परिषदही आहे. दाखला कोणत्या मान्यतेखाली, कोणत्या पातळीचा, हे लेखी मागावे. येथेच आणखी एक गोष्ट सांगून ठेवतो. सौर प्रमाणपत्र म्हणजे तारतंत्रीचा सरकारी परवाना नव्हे. विजेच्या जोडणीचे काम परवानाधारकाच्या हाताखाली किंवा स्वतः परवाना काढूनच करायचे असते.

पाचवा प्रश्न : मागच्या तुकडीतली मुले कोठे आहेत? दोन नावे आणि गावे मागून घ्यावीत आणि त्यांना जाऊन भेटावे. हा प्रश्न सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत खरा. जेथे नावे मिळत नाहीत, तेथून उठून यावे.

आता कोणी म्हणेल, "मग दाखल्याला काहीच किंमत नाही का?" या ठिकाणी राजस्थानातल्या एका गावाची हकिकत सांगण्याजोगी आहे. अजमेर जिल्ह्यात तिलोनिया नावाचे गाव आहे. तेथे १९७२ साली बंकर रॉय यांनी एक संस्था काढली. पुढे ती 'बेअरफूट कॉलेज', म्हणजे अनवाणी माणसांचे महाविद्यालय, या नावाने प्रसिद्धीस आली. तेथे शिकायला येतात त्या खेड्यातल्या बायका. पुष्कळशा आज्या झालेल्या, आणि कित्येकींना अक्षरओळखही नाही. आफ्रिकेतल्या देशांतूनही त्या आल्या. एकीची भाषा दुसरीला कळत नाही. मग शिकवायचे कसे? सुट्या भागांचे रंग दाखवून, खुणा करून, आणि करून पाहून. सहा महिने रोज बसून त्या सौर दिव्याची जुळणी शिकतात, डाक लावतात, बिघडलेले दिवे उघडून दुरुस्त करतात, आणि आपापल्या गावी जाऊन घरे उजळतात. या महाविद्यालयात दाखला देत नाहीत. तरुण मुलाच्या हाती दाखला दिला की तो शहराची गाडी धरतो, असा रॉय यांचा अनुभव. आजी मात्र गाव सोडत नाही.

या हकिकतीतून दाखला फेकून द्या असा अर्थ कोणी काढू नये. बँकेत कर्जाला, सरकारी कामाला, कंपनीत नोकरीला तो लागतो, आणि लागणारच. पण त्या आज्यांनी सहा महिने रोज हात चालवले, हे आपण विसरू नये. दाखल्याच्या मागे तेवढे हात चाललेले असतील, तर तो मोलाचा. आणि दुसरे असे की, हे काम मुलींचे नाही असे आपल्याकडे अजून म्हणतात. जे अक्षरओळख नसलेल्या आजीला जमले, ते आपल्या दहावी झालेल्या लेकीला जमणार नाही काय?

नोकरीविषयीही खरे ते बोलले पाहिजे. सौर कामात रोजगार आहे, पण तो दोन जातींचा आहे. एक बसवण्याचा. योजना जोरात असली की माणसे कमी पडतात, आणि योजना मंदावली की तीच माणसे घरी बसतात. काम कंत्राटी, भटकंतीचे, उन्हातान्हातले. दुसरा रोजगार देखभालीचा. तो एकदम मोठा पैसा देत नाही, पण संपतही नाही. गावात शंभर पंप आणि पन्नास छपरे असली, की धूळ पुसणे, सैल झालेले बोल्ट आवळणे, उंदीर-माकडांनी बिघडवलेल्या तारा बदलणे, पावसाळ्यापूर्वी अर्थिंग तपासणे, दहाबारा वर्षांनी थकलेला इन्व्हर्टर बदलणे, हे चालूच राहणार. त्याबरोबर मोटार बांधणे आणि घरातली जोडणी करणे जोडीला असले, म्हणजे एका कुटुंबाचा चरितार्थ गाव न सोडता होऊ शकतो. मुलाला नुसते "सोलरमध्ये खूप पैसा आहे" असे सांगून पाठवू नका. हे सगळे समजावून पाठवा.

आता दोन शब्द शिक्षक बंधुभगिनींशी. अभ्यासक्रमाची वाट न पाहता शाळेत पुष्कळ करता येते. दहा वॅटची एक लहान प्लेट आणि एक साधा मल्टीमीटर एवढेच आणा. तिचा दाब वीस व्होल्टच्या आसपासच असतो, त्यामुळे भीतीचे कारण नाही. पहिल्या दिवशी प्लेट उन्हाकडे तोंड करून आणि मग तिरपी धरून प्रवाह मोजायला सांगा. दुसऱ्या दिवशी एकाच पेशीवर तळहात धरा आणि काटा किंवा आकडा किती खाली येतो ते मुलांना पाहू द्या. पाटातल्या ढेकळाची गोष्ट त्यांना पुन्हा सांगावी लागणार नाही. तिसऱ्या दिवशी सावलीत ठेवलेली गार प्लेट उन्हात आणून लगेच दाब मोजा, आणि अर्ध्या तासाने ती तापल्यावर पुन्हा मोजा. निफाड आणि चंद्रपूर एकाच व्हरांड्यात दिसतील. आणि वर्षभराचा प्रयोग हवा असेल, तर अंगणात एक काठी रोवून दर महिन्याला दुपारी तिची सावली मोजून वहीत लिहायला सांगा. जो मुलगा ही वही मनापासून भरील, आकडा चुकला तर स्वतःहून पुन्हा मोजील, त्याच्या वडिलांना बोलावून घ्या आणि हा पोरगा वीजतंत्रीला घाला म्हणून सांगा. त्याची चाचणी झालेली आहे.

शेवटी ग्रामपंचायतीच्या मंडळींना एक विनंती. आपल्या गावात किती सौर पंप आणि किती छपरे आहेत, त्यांची यादी करा. प्रत्येकाची हमी कोणत्या साली संपते, हे तिच्यात लिहा. ते साल येण्यापूर्वी गावातला एक मुलगा आणि एक मुलगी शिकून तयार असली पाहिजे, असे आजच ठरवा. शिकायला तीन महिने लागोत की दोन वर्षे, आधी हिशेब केला तर वेळ पुरेसा आहे. पंप बंद पडल्यावर हिशेब करायला बसलो, तर गहू थांबत नाही.